विजयानंदमधले पिस्तूल आणि दहा बोटांचे गणित

१/ २१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या निरोपानिमित्त 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता. तेथेच अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे जागीच पकडले गेले. गोळ्या कोणी झाडल्या, याविषयी शंका उरली नाही. प्रश्न निराळाच होता.

२/ ब्राउनिंग बनावटीचे पिस्तूल नाशिकपर्यंत पोहोचले कसे? सरकार पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे, विनायक दामोदर सावरकरांनी लंडनहून २० पिस्तुले धाडली आणि इंडिया हाऊसमधील आचारी चतुर्भुज अमीन याने ती पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईत आणली.

३/ ही साखळी न्यायालयात जोडली गेली ती मुख्यतः जबाबांनी. चतुर्भुज माफीचा साक्षीदार झाला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पुढे सावरकरांना जन्मठेप झाली.

४/ विशिष्ट गोळी विशिष्ट नळीतूनच सुटली, हे सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करून दाखवणारी पद्धत अमेरिकेत रूढ झाली १९२५ च्या सुमारास. १९०९ मध्ये वस्तू फारशी बोलत नसे. माणसाला बोलते करावे लागे. आणि माणूस भीतीपोटी वा लोभापोटीही बोलतो.

५/ मात्र पुराव्याला अंकांची भाषा देण्याचा एक मोठा प्रयत्न त्याआधीच हिंदुस्थानात झाला होता. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. पद्धतीला नाव मिळाले पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचे; तिच्यामागचे गणित होते अझिझुल हक यांचे. हेमचंद्र बोस यांनी ठशांचे वर्णन तारेने कळवण्याची सांकेतिक लिपी घडवली.

६/ हक यांची युक्ती समजायला आजीचे हस्तसामुद्रिक पुरेसे आहे: बोटावर चक्र आहे की नाही? दहा बोटांच्या पाच जोड्या. पहिल्या जोडीत चक्र असेल तर १६ गुण, मग ८, ४, २, १. जोडीतल्या एका बोटाचे गुण अंशात, दुसऱ्याचे छेदात. दोन्ही बेरजांत १ मिळवायचा.

७/ एकही चक्र नसेल तर १/१, दहाही बोटांवर चक्र असेल तर ३२/३२. एकूण गट ३२ × ३२, म्हणजे १०२४. दहा 'हो-नाही' प्रश्नांची ही सर्व उत्तरे. संगणक जन्मण्याच्या कितीतरी आधी, कागदी पत्त्यांवर केलेले हे संगणनच होते. त्यामुळे हजारो पत्त्यांचा ढीग उपसण्याऐवजी एकच कप्पा उघडणे पुरे होई.

८/ आज तेच काम यंत्र करते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'नॅफिस' या राष्ट्रीय प्रणालीत ठशांच्या नोंदीला दहा अंकी क्रमांक मिळतो. ठशांबरोबरच चेहरा, आवाज, मोबाइलमधील पुसलेल्या नोंदी, बनावट चित्रफिती हे सारे संगणकीय न्यायसहायक विज्ञानाच्या कक्षेत येते.

९/ पण यंत्राचा कौल हा निकाल नव्हे. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयच्या संगणकाने एका ठशासाठी २० संभाव्य जुळण्या दिल्या. तज्ज्ञांनी त्यांतील एका अमेरिकी वकिलाचा ठसा 'निश्चित' ठरवला. वकील दोन आठवडे कोठडीत राहिला. ठसा निघाला दुसऱ्याच माणसाचा. यंत्राने साम्य दाखवले होते, चूक तज्ज्ञांची होती.

१०/ म्हणून या शाखेच्या विद्यार्थ्याला केवळ प्रोग्रॅमिंग पुरत नाही. संख्याशास्त्र, प्रतिमा-प्रक्रिया, पुरावा कायदा, आणि उलटतपासणीत 'चुकीची शक्यता किती?' या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देण्याची तयारी लागते.

११/ महाराष्ट्रात मुंबई, छत्रपती संभाजीनगर व नागपूर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या संस्थेला २०२० मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. नाशिकमध्ये प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. शासकीय पदे मोजकी असतात व भरतीची वाट पाहावी लागते. बँका, विमा कंपन्या आणि लेखापरीक्षण संस्थांनाही आर्थिक फसवणूक उकलणारी माणसे लागतात.

१२/ मागणी वाढण्यामागे कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे अपेक्षित आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे.

१३/ जॅक्सन वधाच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याजवळच्या भांबुर्ड्याची पोलीस प्रशिक्षण शाळा नाशिकला आली. तीच आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी. पुढे नाशिकचा खटला माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर उभा राहिला. आज त्या शब्दाच्या जागी संगणकाचा अहवाल येऊ पाहतो आहे. त्या अहवालालाही साक्षीदाराइतकेच कठोर प्रश्न विचारू शकेल, असा तज्ज्ञ घडवणे हेच या शिक्षणाचे काम.

(समाप्त)