कोणास काय आणि कसे लिहावे

आपल्या जुन्या घरांतील पेट्यांतून अजूनही मोडी पत्रांची पुडकी निघतात. घर इंदूरचे असो, बडोद्याचे असो की बेळगावचे, त्या पत्रांत प्रथम डोळ्यांत भरतो तो मायना. वडिलांना ‘तीर्थरूप’, मुलास ‘चिरंजीव’; थोरांस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस अनेक आशीर्वाद. आज हा निव्वळ उपचार वाटतो. वस्तुतः त्यामागे लेखनशिक्षणाची दीर्घ परंपरा आहे.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजशासनांच्या लेखनासाठी एक संपूर्ण अध्याय दिला आहे. पत्र ज्यास जावयाचे त्याचे कुळ, पद, वय, विद्या, शील आणि देशकाळ पाहून लेखकाने मजकूर योजावा, असे तो सांगतो. याचना, ठपका, सांत्वन, अनुनय असे लेखनाचे तेरा हेतूही तो वेगवेगळे मांडतो. मराठी मुलखात हीच शिस्त ‘मेस्तक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखनपद्धतीच्या ग्रंथांतून उतरली. परंपरेने तिचा संबंध यादवांचा मंत्री हेमाद्री याच्याशी जोडला जातो. कारकुनाचा मुलगा कित्ता गिरवून अक्षर वळवी, जुन्या पत्रांच्या नकला करी आणि त्या ओघात एक प्रश्न शिके: हा कागद कोणाच्या हाती पडणार आहे?

मात्र मायना अचूक साधला म्हणजे वाचणाऱ्याचे मन वळतेच असे नाही. त्यासाठी युक्तिवादही वाचणाऱ्याच्या जगातला असावा लागतो. याची साक्ष शिवाजी महाराजांच्या नावे प्रसिद्ध असलेली दोन पत्रे देतात. दोहोंचा विषय एकच, रयतेस उपद्रव होऊ नये हा.

पहिले पत्र 1670 च्या दशकातील, चिपळूणच्या छावणीतील लष्करी अंमलदारांस लिहिलेले. त्यात धर्मनीतीचे प्रवचन नाही. दाणा-वैरण आताच उधळली तर पावसाळ्यात घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, भाकर, लाकूडफाटा ओढून आणाल, आणि लोक म्हणतील याहून मोगल बरे. दिव्याची जळती वात उंदीर नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतके बारीक बजावणे त्यात आहे. घोडा, वैरण आणि आग ही शिपायास कळणारी भाषा होय.

दुसरे पत्र औरंगजेबास. 1679 मध्ये त्याने जिझिया पुन्हा लागू केल्यानंतरचे, फारसीतले, नीळ प्रभू मुनशीच्या लेखणीतून उतरलेले. येथे उंदीर नाही, वैरण नाही. येथे कुराणाचाच दाखला आहे, की ईश्वर साऱ्या विश्वाचा आहे, केवळ मुसलमानांचा नव्हे. आणि अकबरादी पूर्वजांच्या औदार्याची आठवण आहे. ज्यास जे प्रमाण, त्यास तेच पुढे केले. बादशहाने जिझिया उठवला नाही, हे खरे; पण पत्राचे मोल त्याने उणावत नाही.

जुन्या पद्धतीत दोषही होते. माणसाचा दर्जा मायन्यातच पक्का होई. विधवेस ‘गंगाभागीरथी’ म्हणताना तिचे दुःख दर पत्रागणिक कोरले जाई. ते पुन्हा आणावे असे कोणी म्हणणार नाही. राखावयाचा आहे तो वाचणाऱ्याचा विचार.

शासकीय सेवेत अनेक वर्षे लोकांचे अर्ज वाचण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे होते. न्याय्य मागणीचे कित्येक अर्ज केवळ संतापाने भरलेले असत. नेमके काय हवे आणि ते कोणत्या नियमाने देता येईल, हे त्यांत सापडतच नसे. याउलट चार ओळींचा, वाचणाऱ्याची मर्यादा जाणून लिहिलेला अर्ज त्याच दिवशी पुढे सरके.

आपली नातवंडे आज हिंदी, कन्नड, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी शाळांत जातात. मराठी लिहिण्याचा प्रसंग त्यांस घरीच आणून द्यावा लागेल. सुटीत एकच मागणी तीन पत्रांत लिहावयास सांगावी. समजा, गल्लीत वाचनालय हवे आहे. एक पत्र आजोबांस, एक शाळेच्या मुख्याध्यापकांस, एक नगरपालिकेच्या अधिकाऱ्यास. मग विचारावे: आजोबांस जे कारण दिलेस ते अधिकाऱ्यास का दिले नाहीस? या प्रश्नाचे उत्तर देता आले, की मायना आपोआप सुचेल.