ब्रेकमधली हवा कशी काढतात, आणि हेन्री फोर्ड तिला का भ्यायला

जुन्या फियाटचा मेकॅनिक पेडल दोनदा दाबतो आणि म्हणतो, "हवा धरलीय, काढायला लागेल." टायरमधली नाही हो, ब्रेकच्या पाइपातली! आजचा एपिसोड तिच्यावर.

त्या पाइपात असतं ब्रेक ऑइल. द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकांपर्यंत पोचतो. हे तत्त्व पास्कालने सतराव्या शतकातच मांडलं होतं. मोटारीत ते आणलं अमेरिकेच्या माल्कम लॉकहीडने. विमानवाले लॉकहीड ना? तेच घराणं. भाऊ विमानांत रमला, हा ब्रेकमध्ये. 1921 मध्ये डुझेनबर्ग मॉडेल ए या महागड्या गाडीच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक आले, 1924 मध्ये क्रायस्लरने ते बऱ्यापैकी परवडणाऱ्या गाडीत दिले.

हेन्री फोर्ड मात्र अडून बसला. 1939 च्या मॉडेलपर्यंत त्याचे ब्रेक दांडे आणि केबलवरच. लोक याला हट्ट म्हणतात, पण मला ती भीती अगदीच खुळी वाटत नाही. तेव्हा तेलाची लाइन एकच असायची. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले! दोन वेगळ्या लाइन अमेरिकेत नव्या कारना सक्तीच्या झाल्या त्या थेट 1968 मध्ये.

आणि पाइप न फुटताही घात होतो. हवा दाबली की आकसते, म्हणजे तुमचा जोर बुडबुडा चेपण्यातच जातो. शिवाय नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. घाट उतरताना ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल सरळ खाली.

मग हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. चाकामागच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवायचं. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल सैल करतो. बुडबुडे येतात. आधी निपल घट्ट, मगच पाय वर. उलट झालं तर हवा परत आत! सहसा सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. वरच्या टाकीतलं तेल मात्र संपू द्यायचं नाही, नाहीतर पहिल्यापासून सगळं.

हायड्रॉलिक क्लचचंही असंच. तिथे हवा राहिली तर गिअर अडतो, ब्रेकमध्ये राहिली तर गाडी थांबत नाही. म्हणून मी ब्रेक आधी करतो. आणि हो, हे तेल बॉनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं!