चोवीस इंचाचा प्रश्न

सायकलच्या जगात ‘चोवीस इंची’ या शब्दाचे तीन अर्थ होतात. तो कुणाच्या तोंडी आहे, त्यावर अर्थ ठरतो.

आजोबा चोवीस इंची म्हणाले, तर त्यांना काळी, उंच, मध्ये आडवी दांडी असलेली सायकल म्हणायची असते. तिच्यात २४ हा आकडा फ्रेमच्या उंचीचा असतो, चाक २८ इंचीच. हाच शब्द आज सायकलच्या दुकानात उच्चारा. दुकानदार विचारेल, “मुलगा कितवीत आहे?” कारण आता हा आकडा चाकाचा झालाय आणि २४ इंची चाक म्हणजे साधारण चौथी ते सातवीतल्या पोरांची सायकल. तिसरा अर्थ कॅलिफोर्नियाचा. तिथे २४ इंची चाकाची एक सायकल मुद्दाम मोठ्या माणसांसाठी तयार झाली: बीएमएक्स क्रूझर. जाड टायर, रुंद हँडल, गिअर नाही, आणि वर बसलेला माणूस चाळिशीचाही असू शकतो. शर्यतीसाठी जन्मलेली ही सायकल कितीतरी लोक शहरात रोजच्या कामांसाठी वापरतात.

आपल्याकडे हा प्रकार अजून तरी नवलाचा आहे. पण तो समजून घ्यायला राजगुरुनगरइतकी चांगली जागा नाही. ज्यांनी या देशात सायकल सर्वांत कष्टाने वापरली, त्यांतले असंख्य लोक याच खेड तालुक्यातून गेले. आणि सायकलला रस्त्यावरून बाजूला सारणाऱ्या मोटरसायकली याच तालुक्यातल्या चाकणमध्ये तयार होतात. रोजची सायकल कशाने घडते आणि कशाने मोडते, हे दोन्ही इथे बघायला मिळतं.

पोरांची सायकल मोठी झाली

आधी कॅलिफोर्निया. १९६३ साली श्विन या अमेरिकन कंपनीने ‘स्टिंग-रे’ नावाची मुलांची सायकल काढली. २० इंची चाकं, उंच हँडल, केळ्यासारखी लांबट सीट. मोटरसायकलची ऐट पोरांना परवडेल अशा किमतीत. पोरांनी ती ऐट फारच मनावर घेतली. साठचं दशक संपता संपता दक्षिण कॅलिफोर्नियात मुलं या सायकली घेऊन मातीच्या टेकाडांवरून उड्या मारू लागली. मोठे मोटरसायकलवर मोटोक्रॉस खेळत, मुलं सायकलवर त्यांची नक्कल करत. त्याचंच नाव पडलं बायसिकल मोटोक्रॉस, म्हणजे बीएमएक्स. १९७१ मध्ये ‘ऑन एनी संडे’ हा मोटरसायकल शर्यतींवरचा माहितीपट आला, त्याच्या सुरुवातीलाच ही पोरं दिसतात. तो बघून देशभरातल्या मुलांनी आपापली टेकाडं शोधली. १९८२ च्या ‘ई.टी.’ने बीएमएक्स जगभर नेली.

मग पोरं मोठी झाली. २० इंची सायकलवर गुडघे हँडलला लागायला लागले, पण खेळ सुटेना. म्हणून तीच ठेवण २४ आणि २६ इंची चाकांवर चढवली गेली आणि शर्यतीत वेगळा ‘क्रूझर’ गट निघाला. आज आंतरराष्ट्रीय नियमांत ५७ सेंटीमीटरपेक्षा मोठ्या चाकाची बीएमएक्स म्हणजे क्रूझर. बीएमएक्स २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोचली, पण तिथे गेली ती छोट्या चाकाची. क्रूझर मागे राहिली, हौशी मोठ्यांची म्हणून.

क्रूझरचं घराणंही जुनंच. १९३३ मध्ये श्विननेच जाड, फुग्यासारख्या टायरची सायकल बाजारात आणली होती. त्या घराण्यातल्या दणकट सायकलींवरून अमेरिकेतल्या पोरांनी पुढची कित्येक वर्षं घरोघरी पेपर टाकले. म्हणजे कामाची सायकल आधी, तिची खेळणी नंतर, खेळण्याची शर्यत त्यानंतर. आणि शर्यतीची सायकल घेऊन कुणी दूध-भाजी आणायला निघालं, तेव्हा वर्तुळ पूर्ण झालं.

खेडची माणसं, मुंबईच्या सायकली

आपल्याकडचं वर्तुळ वेगळ्या टोकाला सुरू होतं.

१८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत घरचा डबा कामाच्या ठिकाणी पोचवण्याची पद्धत बसवली. त्या डबेवाल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या भरणा राहिला तो पुणे जिल्ह्याच्या डोंगराकडच्या पट्ट्याचा: खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर, मुळशी. पावसावरची शेती, घरात खाणारी तोंडं जास्त, म्हणून एक भाऊ गावी आणि एक मुंबईत. गावातला एक जण धंद्यात शिरला की तो दुसऱ्याला बोलावून घेई. ओळखीवर, नात्यावर माणसं येत गेली.

सकाळी घराघरांतून डबे गोळा करायचे, सायकलवर लादून स्टेशन गाठायचं, तिथे खुणा बघून वाटणी, मग लोकलच्या लगेजच्या डब्यातून शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि उतरल्यावर पुन्हा सायकल, हातगाडी किंवा डोक्यावरचा लांब लाकडी खोका. दुपारी रिकामे डबे घेऊन हाच प्रवास उलटा. सायकलच्या हँडलला दोन्ही बाजूंनी डबे, कॅरिअरवर डबे, आणि हे सगळं मुंबईच्या पावसात.

आपल्या विषयाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे या धंद्यात येणारा माणूस स्वतःचं भांडवल घेऊन येतो, आणि त्या भांडवलात सायकल असते. सायकल, खोका, पांढरे कपडे, टोपी. तो पगारी नोकर नसतो, धंद्यातला भागीदार असतो. सायकल पंक्चर झाली की नुकसान त्याचं. म्हणून तिची चेन सैल राहत नाही, ब्रेकचे रबर झिजेपर्यंत वाट बघितली जात नाही. २००३ साली ब्रिटनचे तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स चर्चगेटला डबेवाल्यांना भेटले, तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या अचूकपणाचं कौतुक केलं. त्या अचूकपणातला एक मोठा वाटा एका साध्या, बिनगिअरच्या, कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणाऱ्या यंत्राचा होता. त्याचं नाव मात्र कुणी घेतलं नाही.

जिच्याकडे कुणी बघत नाही

नाव न घेतलं जाणं ही रोजच्या सायकलची खूणच आहे. ती किती पक्की आहे, हे ज्यांच्यावरून खेडचं राजगुरुनगर झालं त्यांच्या गोष्टीतच दिसतं.

शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म इथलाच, १९०८ चा. १७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये भगतसिंग, चंद्रशेखर आझाद आणि राजगुरू पोलीस कचेरीसमोर टपून होते. इशारा देण्याचं काम जयगोपाल या साथीदाराकडे होतं. भर रस्त्यात, पोलिसांच्या दारात, संशय न येता उभं कसं राहायचं? जयगोपाल सायकल बिघडल्याचं सोंग करून थांबला. साँडर्स बाहेर आला तो मोटरसायकलवर. पहिली गोळी राजगुरूंनी झाडली. पुढे हाच जयगोपाल माफीचा साक्षीदार झाला आणि २३ मार्च १९३१ ला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले.

त्या सायकलीचा इतिहासात फारसा उल्लेख होत नाही, पण सोंग म्हणून सायकलच का निवडली, हे बघण्यासारखं आहे. १९२८ च्या लाहोरमध्ये मोटरसायकलवरचा माणूस म्हणजे साहेब. त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. सायकल दुरुस्त करणारा माणूस म्हणजे कुणीही.

आज राजगुरुनगरच्या बाजारपेठेत हे नेमकं उलटं झालंय. मोटरसायकलवरच्या माणसाकडे कुणी मान वळवत नाही. बऱ्या कपड्यातला, तिशीचा माणूस सायकलवर दिसला की ओळखीचा कुणीतरी थांबवतो: “काय रे, गाडी बिघडली का?”

मोठ्यांची सायकल लहान झाली

हे कसं झालं?

स्वातंत्र्याआधी आपल्याकडच्या चांगल्या सायकली विलायती असत: रॅले, हंबर, हर्क्युलिस, बीएसए. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स उभी राहिली, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हिरो. सायकलला तेव्हा वाहनाचा मान होता. नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचे, डबलसीट दिसलं तरी दंड. ज्याला विकत घेणं जमत नसे तो तासाच्या भाड्याने आणायचा, आणि पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायची. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, आणि पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडू लागला.

त्याच फाटकाच्या आत मात्र स्कूटर तयार होत होती. बजाजच्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. सायकल हे मधल्या काळातलं वाहन झालं, स्कूटर येईपर्यंतचं.

ऐंशी-नव्वदच्या दशकात कंपन्यांनी गिऱ्हाईक बदललं. बीएसए एसएलआर, हिरो रेंजर, हर्क्युलिस एमटीबी: रंगीत फ्रेम, सरळ हँडल, जाड टायर. घेणारा बाप असला तरी हट्ट करणारा मुलगा होता, आणि जाहिरात त्या मुलाशी बोलत होती. १९९२ मध्ये ‘जो जीता वही सिकंदर’ आला. आख्ख्या पिढीला सायकलची भुरळ पडली, पण ती शर्यतीची. सायकल म्हणजे शाळा-कॉलेजातली मजा, हे पक्कं झालं. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला, २००१ मध्ये पल्सर आली. अठरा वर्षं पूर्ण झाली की सायकल माळ्यावर आणि गाडी दारात, हा जणू संस्कार झाला. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

अमेरिकेत पोरांची सायकल मोठी झाली. आपल्याकडे मोठ्यांची सायकल लहान झाली. दुकानात आता एका बाजूला मुलांच्या सायकली असतात, दुसऱ्या बाजूला रविवारी घाट चढणाऱ्यांच्या महागड्या गिअरवाल्या. पोस्टात, बँकेत, दुकानावर जाणाऱ्या मोठ्या माणसाची सायकल या दोन्हींच्या मधे हरवली.

हिशेब

ही मधली जागा बीएमएक्स क्रूझर भरू शकते का? जरा हिशेब करू.

आजोबांच्या सायकलला पुढे ४४ आणि मागे १८ दाते धरले, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती साधारण ५.५ मीटर जाते. २४ इंची क्रूझरला पुढे ४४ आणि मागे १६ धरले, तर साधारण ५.३ मीटर. फरक हाताच्या लांबीपेक्षा कमी. दिसायला एक बैल आणि एक बकरी, पण चालीला जवळजवळ सारख्या. दोघींना गिअर नाही, म्हणजे बिघडायला फारसं काही नाही. क्रूझरचं छोटं चाक जास्त मजबूत आणि सिग्नलवरून पटकन सुटणारं. जाड टायर खड्डा आणि गतिरोधक सोसतो. गर्दीत ती वळते चटकन, आणि जिन्याखाली मावते.

उणं आहे ते कामाच्या बाजूने. सीट खाली असते, कारण शर्यतीत आणि उडीत उभं राहूनच चालवायची. दोन किलोमीटर बसून चालवली की गुडघे बोलायला लागतात. त्यावर उपाय सीटची लांब दांडी. मडगार्ड नाही, म्हणजे जून ते सप्टेंबर पाठीवर चिखलाची रेघ. कॅरिअर नाही, स्टँड नाही, दिवा नाही. डबेवाल्याच्या हाती ही सायकल दिली तर तो आधी एवढंच विचारेल: “डबा कुठं अडकवायचा?”

रोजची सायकल होण्याची सगळी परीक्षा या एका प्रश्नात आहे. अमेरिकेतल्या पेपरवाल्या पोरांनी सायकलवर पिशव्या टांगल्या, डबेवाल्यांनी डबे. जिच्यावर काही टांगता येतं, ती सायकल टिकते. म्हणून कुणी २४ इंचीला कॅरिअर, मडगार्ड आणि दिवा लावून बाजारात नेत असेल, तर त्याला हसू नये. शर्यतीच्या सायकलला तो परत कामाला लावतोय.

रस्ता

तरीही सायकल एकट्याने काही करू शकत नाही. राजगुरुनगर ते चाकण अंतर दहा-बारा किलोमीटर. जुन्या काळी हे सायकलचं अंतर होतं. आज हा पुणे–नाशिक महामार्ग आहे, कंटेनर आणि कंपनीच्या बसगाड्यांचा, आणि चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी सगळ्यांच्या ओळखीची आहे. पहाटेच्या पाळीला सायकलवर निघालेल्या कंत्राटी कामगाराला या रस्त्यावर स्वतःची अशी हातभर जागा नाही. तो हौसेने सायकल चालवत नाही, आणि त्याच्यासाठी प्रश्न चोवीस इंचाचा नाही, जिवाचा आहे.

पुणे महापालिकेने डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास ॲपवरच्या रंगीत भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती आल्या आणि काही वर्षांत दिसेनाशा झाल्या. त्या सायकली सगळ्यांच्या होत्या, म्हणून त्यांची चेन घट्ट करणारं कुणी नव्हतं. डबेवाल्याची सायकल त्याच्या भाकरीशी बांधलेली असते. आणि आराखड्यातली रेघ रस्त्यावर उतरून थेट कामाच्या फाटकापर्यंत पोचली नाही, तर ती फक्त रविवारसाठी उरते.

गावातली कामं मात्र अजून सायकलच्या आवाक्यात आहेत: शाळा, दवाखाना, एसटी स्टँड, बाजार. दोन-तीन किलोमीटरच्या या फेऱ्यांना २४ इंची चालेल, आजोबांची काळी चालेल, बहिणीची टोपलीवालीही चालेल. सुरुवात तिथूनच होईल. एका बाजारपेठेत इतके मोठे लोक सायकलवर दिसू लागले पाहिजेत, की त्यांच्याकडे बघावंसं कुणाला वाटू नये. ज्या दिवशी “गाडी बिघडली का?” हा प्रश्न कुणी विचारणार नाही, त्या दिवशी सायकल पुन्हा रोजची झाली असं समजायला हरकत नाही.