तळटीप : अलेक्सांदर क्लुम्बर्ग

क्लुम्बर्ग (1899–1958) : एस्टोनियाचे डेकॅथलॉनपटू; जन्म तालिनचा. दोन दिवसांत दहा क्रीडाप्रकारांची कसोटी पाहणाऱ्या या स्पर्धेतला अधिकृत नोंद झालेला पहिला विश्वविक्रम त्यांचा (हेलसिंकी, 1922). 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑस्बॉर्न आणि नॉर्टन या अमेरिकनांमागे त्यांना कांस्यपदक मिळाले. मूळ लेखक एवढ्यावरच थांबतात. मला मात्र प्रशिक्षक क्लुम्बर्गही तितकेच मोठे वाटतात. पोलंडच्या संघाला त्यांनी घडवले. 1932 साली लॉस एंजेलिसला 10,000 मीटर शर्यत जिंकणारे यानुश कुसोचिन्स्की त्यांच्याच तालमीतले. 1944 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी क्लुम्बर्गना अटक केली. सुटका थेट 1956 मध्ये झाली. अशा माणसाची ओळख नुसत्या पदकावर आटोपणे अन्यायाचे आहे, म्हणून ही टीप.