स्टॉप-मोशन म्युझिक व्हिडिओ : कारागिरी किती, नवेपण किती?

आजचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटलं असेल. ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, तो माणूस म्युझिक व्हिडिओंवर काय बोलणार? तर त्याला एक कारण आहे, आणि ते म्हणजे माझ्या हातून झालेली एक चूक.

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयीन लघुपट स्पर्धेत मी परीक्षक होतो. एका गटाने गाण्याचा व्हिडिओ केला होता. जमिनीवर गोधडी अंथरलेली, तिच्यावर एक मुलगी पडलेली, कॅमेरा वर छताला. मागे जात्यावरच्या ओवीची चाल. गोधडीची ठिगळं सुटतात, त्या मुलीभोवती फिरू लागतात, त्यांची नदी होते, घर होतं, आणि शेवटी ती परत गोधडीत जाऊन बसतात. मला ते आवडलं होतं. पण ऑरेन लावी या इस्रायली गायकाचा २००९ सालचा 'हर मॉर्निंग एलेगन्स' मी पाहिलेला होता. त्यातही बिछाना, त्यावर एक तरुणी, कॅमेरा वर. मी शेऱ्यात 'कल्पना उसनी' असं लिहिलं आणि मौलिकतेच्या रकान्यात दहापैकी दोन गुण दिले.

निकालानंतर ती मुलगी भेटायला आली. म्हणाली, "सर, कॅमेरा वर लावायची कल्पना लावीची आहे का?" मी म्हणालो, "हो." तिने विचारलं, "त्याच्या आधी कोणीच लावला नव्हता?" मला उत्तर देता येईना. आज जे सांगणार आहे, ते त्या उत्तराच्या शोधात सापडलेलं आहे.

आधी हे तंत्र काय आहे ते बघू. वस्तू ठेवायची, एक फोटो काढायचा. वस्तू किंचित सरकवायची, पुन्हा फोटो. हे फोटो ओळीने वेगात दाखवले की वस्तू आपोआप हलल्यासारखी दिसते. सिनेमात सेकंदाला २४ चौकटी असतात. बरेच कलावंत एकच चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. चार मिनिटांच्या गाण्याला झाली २८८०. तितक्या वेळा कोणाचा तरी हात आत जाऊन बाहेर आलेला असतो. आपल्याला तो हात मात्र कधीच दिसत नाही.

हे तंत्र सिनेमाइतकंच जुनं आहे, आणि त्यात आपल्या घरचाही एक धागा आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून परतल्यावर कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा मिनिटभराचा चित्रपट केला. तो बघून भांडवल देणारे तयार झाले. अर्थात तिथे हलणारं रोप निसर्गाने हलवलेलं होतं. पुढे १९१५ च्या सुमारास त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केला. त्यातल्या काड्या हाताने हलवलेल्या होत्या. तो चित्रपट आज उपलब्ध नाही. पुढे कॅनडात नॉर्मन मॅक्लॅरेन यांनी १९५२ च्या 'नेबर्स'मध्ये वस्तूंच्या जागी जिवंत माणसंच एकेका चौकटीने सरकवली. त्या लघुपटाला ऑस्कर मिळालं.

आता १९८६ वर येऊ. पीटर गॅब्रिएल यांचं 'स्लेजहॅमर', दिग्दर्शक स्टीफन आर. जॉन्सन. १९८७ च्या एमटीव्ही पुरस्कारांत या एका व्हिडिओने नऊ पुरस्कार घेतले. गॅब्रिएल काचेखाली सोळा तास पडून होते म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्याभोवती एकेका चौकटीने वस्तू सरकवल्या जात होत्या. म्हणजे आडवा माणूस आणि भोवती हलणाऱ्या वस्तू ही कल्पना लावीच्या तेवीस वर्षं आधीची. माझं उत्तर तिथेच कोसळलं.

पण गंमत पुढे आहे. 'स्लेजहॅमर'मध्ये फळांनी घडलेला एक चेहरा येतो. फळाभाज्यांचे चेहरे रंगवले सोळाव्या शतकातल्या आर्चिंबोल्डो या इटालियन चित्रकाराने. तसे चेहरे स्टॉप-मोशनमध्ये जिवंत केले प्रागच्या यान श्वान्कमायर यांनी, १९८२ च्या 'डायमेन्शन्स ऑफ डायलॉग'मध्ये. त्या श्वान्कमायरना मानणारे क्वे बंधू. त्यांनी १९८४ साली थेट त्यांच्या नावाचाच लघुपट केला. आणि 'स्लेजहॅमर'वर काम करणाऱ्यांत आर्डमन स्टुडिओबरोबर हेच क्वे बंधू होते. म्हणजे ज्याला सगळं जग मौलिक म्हणतं, त्याच्या पोटात चारशे वर्षांची उसनवारी आहे. मग माझ्या दोन गुणांच्या न्यायाने 'स्लेजहॅमर'ला किती द्यायचे?

इथे मला आनंदवर्धन आठवले. नवव्या शतकातले काश्मीरचे आचार्य. 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्योतात त्यांनी हाच प्रश्न घेतला आहे: दोन कवींचं सारखं निघालं तर काय? ते म्हणतात, साम्य तीन प्रकारचं असतं. एक आरशातल्या प्रतिबिंबासारखं, त्याला स्वतःचा आत्मा नसतो. दुसरं चित्रासारखं, आलेख्यवत्. त्याला आत्मा असतो, पण क्षीण. तिसरं तुल्यदेही, म्हणजे दोन माणसांचे चेहरे मिळतेजुळते असावेत तसं. पहिली दोन टाळावीत, तिसरं मात्र टाकू नये. कारण चेहरा सारखा म्हणून माणूस एकच होत नाही. शिवाय ते सांगतात की अक्षरं आणि शब्द तर वाचस्पतीलाही नवे घडवता येणार नाहीत, तरी काव्य नवं होतंच.

आता हे आपल्या विषयाला लावून बघा. चौकटीगणिक वस्तू सरकवणं, कॅमेरा वर लावणं, माणूस आडवा ठेवणं ही या माध्यमाची अक्षरं आहेत. ती कोणाच्याच मालकीची नाहीत. 'हर मॉर्निंग एलेगन्स' नंतर त्याच वर्षी कोल्डप्लेचा 'स्ट्रॉबेरी स्विंग' आला. ख्रिस मार्टिन जमिनीवर, भोवती खडूची चित्रं, कॅमेरा वर. लंडनच्या एका गायकाने आपल्या आधीच्या व्हिडिओची कल्पना उचलल्याचा आरोप केला, दिग्दर्शकांनी तो नाकारला. तो वाद क्षणभर बाजूला ठेवू. लावीच्या आणि कोल्डप्लेच्या व्हिडिओंची अक्षरं एकच आहेत, पण लावीच्या बिछान्यात एक तरुणी झोपेतच आपला दिवस जगते. उशा-चादरींचं समुद्र आणि आकाश होतं, आणि ती बिछाना सोडत नाही. कोल्डप्लेच्या खडूत लहान मुलाने रस्त्यावर रेखाटलेली शूरवीराची गोष्ट आहे. मला हे तुल्यदेही साम्य वाटतं.

मग कारागिरीचं काय? इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. २००२ साली मिशेल गोंड्री यांनी द व्हाइट स्ट्राइप्सच्या 'फेल इन लव्ह विथ अ गर्ल'साठी लेगोच्या ठोकळ्यांनी चौकटी बांधल्या. आणि २०११ साली किना ग्रॅनिस यांच्या 'इन युअर आर्म्स'साठी ग्रेग जार्डिन यांनी पार्श्वभूमी मांडली जेली बीन नावाच्या रंगीत गोळ्यांनी. गोळ्या २,८८,०००. तास १,३५७. काळ २२ महिने. हे आकडे ऐकून मी टोपी काढतो. व्हिडिओ देखणा आहे, प्रेमाने केलेला आहे. पण मी स्वतःला विचारलं, गोळ्यांच्या जागी मणी असते तर गाण्याचं काय बिघडलं असतं? माझ्या मते फारसं नाही.

लेगोचं तसं नाही. तो बँड म्हणजे दोनच माणसं, गिटार आणि ड्रम. त्यांनी स्वतःवर लाल, पांढरा, काळा एवढ्याच रंगांचं बंधन घालून घेतलेलं. गाणं दोन मिनिटांच्या आतलं, खडबडीत, धडधडणारं. ठोकळ्यालाही मोजके रंग आणि कोपरे. बारकावा दाखवायची सोयच नाही. गाण्याचं बंधन आणि ठोकळ्याचं बंधन एकमेकांना भेटतात. तिथे ठोकळा काढून दुसरं काही ठेवता येत नाही. तेव्हा श्रम किती झाले यावरून नवेपण मोजू नये. ज्या वस्तूवर श्रम झाले, ती त्या गाण्याला लागत होती का, हे बघावं.

कॉलिंगवूड या इंग्रज तत्त्वज्ञाने १९३८ साली कला आणि कारागिरी यांत फरक केला. कारागिराला शेवटी काय हवं ते आधीच ठाऊक असतं, कलावंताला ते करता करता कळतं. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. त्या हिशेबाने स्टॉप-मोशन निव्वळ कारागिरी ठरेल, कारण चौकटी आधीच मोजलेल्या असतात. पण माती दिव्यांच्या उष्णतेत मऊ पडते, बोटांचे ठसे उमटतात, कापड ठेवलं तिथे राहत नाही. आराखडा कागदावर असतो. ठिगळाने कसं वळायचं ते त्या दिवशी त्या हाताला कळतं. इथे कॉलिंगवूड मला अपुरे वाटतात.

शेवटचं उदाहरण अवघड आहे, म्हणून टाळत नाही. २०१६ सालचा रेडिओहेडचा 'बर्न द विच', दिग्दर्शक ख्रिस होपवेल. त्यातलं बाहुल्यांचं गाव हे गॉर्डन मरे यांच्या साठच्या दशकातल्या 'ट्रम्पटन' वगैरे बालमालिकांसारखं हुबेहूब, आणि कथानक 'द विकर मॅन' या १९७३ च्या भयपटाच्या वळणाचं. साम्य मुद्दाम आहे. ते ओळखलं तरच गोड गावातली क्रूरता अंगावर येते. आत्मा वेगळाच, उलटाच. पण मरे यांच्या कुटुंबीयांना वाईट वाटलं, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं, आणि ते मला पटतं. कृती नवी ठरली म्हणून ज्याचं घेतलं त्याचं दुखणं खोटं ठरत नाही. आनंदवर्धनांकडे याचं उत्तर नाही. तो नीतीचा प्रश्न आहे, तो वेगळा सोडवावा लागतो.

आता त्या गोधडीकडे येतो. लावीच्या चादरीच्या जागी दुसरी कुठलीही चादर चालली असती. इथे मात्र ठिगळं आजीच्या जुन्या लुगड्यांची होती. ते श्रेयनामावलीत लिहिलेलं होतं, आणि मी ते वाचलं नव्हतं. ओवी दळणाऱ्या बाईची, गोधडी शिवणाऱ्या बाईची, आणि चौकटी सरकवणारी तिची नात. ठिगळं काढून तिथे गोळ्या किंवा मणी ठेवले असते तर त्या व्हिडिओत काही उरलंच नसतं. अक्षरं लावीची असोत, गॅब्रिएलची असोत, वाक्य त्या मुलीचं होतं. मी फक्त अक्षरं तपासली.

ते गुण आता बदलता येत नाहीत; त्या गटाला तेव्हा बक्षीस मिळालं नाही ते नाहीच. ती मुलगी हे ऐकत असेल तर तिला एवढंच सांगतो: बाई, तुझा प्रश्न बरोबर होता, माझा शेरा चुकला. आणि तुमच्यापैकी जे शिक्षक आहेत, परीक्षक आहेत, त्यांना विनंती, 'हे आधी पाहिलंय' असं लिहिण्यापूर्वी काय पाहिलं ते एकदा नीट ठरवा. चेहरा पाहिला, की माणूस?

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.