काहीच घडलं नाही, त्या रात्रीची गोष्ट

आजची गोष्ट लढाईची नाही, एका रात्रीची आहे. ३१ डिसेंबर १९९९, शुक्रवार. कंदाहारला अडकलेले आपले प्रवासी त्याच दिवशी सुटले होते. आणि जगभर धास्ती होती ती ‘वाय-टू-के’ची.

मूळ भानगड साधी होती. जुन्या संगणकांना माहिती पंच कार्डांवरून दिली जाई. एका कार्डावर ८० रकाने, म्हणजे ८० अक्षरं. जागा महाग, म्हणून वर्षाचे पहिले दोन आकडे गाळले गेले. १९६५ चं ६५ झालं. पुढे यंत्रं बदलली, पण कोबोल भाषेतले प्रोग्राम तसेच चालू राहिले. १९३५ साली जन्मलेल्याचं १९९९ मधलं वय ९९ वजा ३५, म्हणजे ६४. पण २००० साली? शून्य वजा ३५! पेन्शन, विमा, व्याज, सगळे हिशेब अशाच वजाबाकीवर उभे होते.

उपाय दोन. एक तर सगळीकडे चार आकडी वर्ष करायचं. नाहीतर संगणकाला सांगायचं की, समजा, ५० च्या आतला आकडा दोन हजारातला धर, बाकीचे एकोणीसशेतले. पण त्याआधी लाखो ओळींत तारीख कुठे कुठे दडली आहे ते शोधायचं. हे किचकट काम परदेशातून मोठ्या प्रमाणात भारतात आलं. आपल्या सॉफ्टवेअर उद्योगावर बाहेरच्या गिऱ्हाइकांचा विश्वास बसला, तो बराचसा या कामातून.

मी तेव्हा मेजर होतो. आमच्या कार्यालयातल्या सातारकडच्या हवालदार क्लार्कने विचारलं, “साहेब, १ जानेवारी तपासली. २९ फेब्रुवारीचं काय?” मी रुबाबात म्हणालो, “शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं.” तो हळूच म्हणाला, “चारशेने भाग गेला तर असतं, साहेब.” त्याचंच बरोबर होतं. १९०० लीप नव्हतं, २००० होतं. आमच्या रजेच्या हिशेबात २८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च येत होता. त्याने रात्री बसून तो दुरुस्त करवून घेतला.

तिकडे अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या पीटरसन हवाई तळावर रशियन अधिकारी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या शेजारी बसले होते. संगणकाच्या चुकीने क्षेपणास्त्राचा खोटा इशारा आलाच, तर तिथल्या तिथे खात्री करता यावी म्हणून. रात्र सुखरूप गेली. अमेरिकेच्या टेहळणी उपग्रहांची माहिती हाताळणारी जमिनीवरची यंत्रणा मात्र काही तास कोलमडली.

दुसऱ्या दिवशी मेसमध्ये आम्ही हसलो: नुसता बागुलबुवा! भीती काही अंशी फुगवलेली होती, हे खरंच. फारशी तयारी न केलेल्या देशांतही मोठा अनर्थ झाला नाही. पण त्या हवालदाराला मी शाबासकी दिली नाही, याची आज लाज वाटते. रात्रभर पहारा दिला आणि शत्रू आला नाही, म्हणून पहारा फुकट गेला असं फौजेत कोणी म्हणत नाही. मी म्हणालो होतो.

आता पुढची तारीख लिहून ठेवा: १९ जानेवारी २०३८. १९७० पासूनचे सेकंद मोजणारी ३२ बिटांची जुनी घड्याळं त्या दिवशी भरतील. तेव्हा तुमच्या कार्यालयात कोणी हळूच शंका काढली, तर ऐकून घ्या. जय हिंद.