जुन्या गाडीच्या सहा सिलिंडर इंजिनचं हेड बदलावं का? आधी हिशोब, मग पाना

शिंदखेड्याला मामांच्या वाड्यात १९४८ची प्लायमाउथ उभी आहे. आजोबांनी मुंबईहून सेकंड हॅण्ड आणलेली. गेल्या दिवाळीत मामा म्हणाले, "नेटवर हिच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचं हेड मिळतंय. पॉवर वाढते म्हणे. मे महिन्यात पोरीच्या लग्नात वरातीला गाडी काढायचीय. टाकू का?"

मी कोड लिहिणारा माणूस, पाने चालवणारा नाही. पण इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला घोकलेली ऑटो सायकल या प्रश्नामुळे पहिल्यांदा कामाला आली. तुमच्याकडेही अशी जुनी गाडी असेल, तर पैसे खर्च करण्याआधी हा हिशोब एकदा करून बघा.

हेड म्हणजे नेमकं काय?

इनलाइन-सिक्स म्हणजे एका रांगेत उभे सहा सिलिंडर. सिलिंडर ज्या ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यात असतात तो ब्लॉक, आणि त्यावरचं झाकण म्हणजे हेड. दोघांच्या मध्ये गॅसकेट. पिस्टन वर आल्यावर जी थोडीशी जागा उरते तिथे पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटतं. तिला कंबशन चेंबर म्हणतात.

हेड बदलून फायदा किती होणार, हे व्हॉल्व्ह कुठे आहेत यावर ठरतं. मुंबईत जोडल्या गेलेल्या गाड्यांमध्ये दोन्ही प्रकार होते.

- साइड-व्हॉल्व्ह (फ्लॅटहेड): व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लायमाउथ गाड्या जोडल्या जायच्या. त्यांचं त्या काळचं सहा सिलिंडर इंजिन या प्रकारचं.
- ओव्हरहेड व्हॉल्व्ह: व्हॉल्व्ह हेडमध्येच. जनरल मोटर्सने १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. शेवरोलेचं १९२९ मध्ये आलेलं सहा सिलिंडर इंजिन या प्रकारचं.

दुसऱ्या प्रकारात इंजिन ज्या वाटेने श्वास घेतं ती वाटच हेडमध्ये असते. तिथे हेड बदललं की बराच फरक पडतो. जॅग्वारच्या एक्सके १५० गाडीचं उदाहरण घ्या. तिच्या ३.४ लिटर इंजिनला दोन कार्ब्युरेटर आणि ८:१ कॉम्प्रेशनवर २१० हॉर्सपॉवर होती. सरळ वाटांचं नवं हेड, तीन कार्ब्युरेटर आणि ९:१ कॉम्प्रेशन आल्यावर कंपनीचा आकडा २५० झाला. म्हणजे १९ टक्के वाढ. यात नुसत्या कॉम्प्रेशनचा वाटा हिशोबाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास. बाकी सगळं मोकळ्या श्वासाचं.

फ्लॅटहेडमध्ये मात्र हवेच्या वाटा ब्लॉकमध्ये असतात. हेड म्हणजे पाणी खेळवणारं आणि प्लग धरणारं झाकण. ते बदलून तुम्ही फक्त चेंबरचा आकार आणि कॉम्प्रेशन बदलता.

कागदावर किती मिळतं?

कॉम्प्रेशन रेशो म्हणजे पिस्टन खाली असताना वरची एकूण जागा भागिले पिस्टन वर असतानाची जागा. मामांच्या गाडीचं इंजिन २१७.८ घनइंचाचं, म्हणजे साधारण ३.५७ लिटर. एका सिलिंडरच्या वाट्याला ५९५ सीसी. कंपनीचा रेशो ६.६:१. सूत्र सोपं आहे:

चेंबरची जागा = सिलिंडरची जागा ÷ (रेशो − १)

- ६.६:१ साठी १०६ सीसी
- ७.०:१ साठी ९९ सीसी
- ७.५:१ साठी ९१.५ सीसी
- ८.०:१ साठी ८५ सीसी

यात गॅसकेटच्या जाडीची जागाही धरायची. आता ऑटो सायकलच्या सूत्रात हे रेशो टाका. ६.६ वरून ७.० ला गेल्यावर वाढ २ टक्के. ७.५ ला साडेचार टक्के. ८ ला साडेसहा टक्के.

हे नुसतं पुस्तकी वाटतंय? प्लायमाउथने स्वतःच १९४९च्या मॉडेलला रेशो ६.६ वरून ७.० केला. हॉर्सपॉवर ९५ वरून ९७ झाली. म्हणजे २.१ टक्के. पुस्तक आणि कारखाना दोघांचं उत्तर एकच.

तेव्हा "नवीन हेड टाकलं की गाडी पळायला लागते" हे फ्लॅटहेडच्या बाबतीत कोणी सांगितलं, तर मनात हा आकडा ठेवा.

विकत घेण्याआधी टेप लावा

क्रायस्लरच्या या सहा सिलिंडर इंजिनात एक मोठी गंमत आहे. अमेरिकेत बनलेल्या प्लायमाउथ-डॉजचं हेड २३ इंच लांब, तर कॅनडात बनलेल्यांचं २५ इंच. दोन्हीकडे २१८ घनइंचाचं इंजिन मिळतं. पण अमेरिकन इंजिनचा बोअर सव्वातीन इंच आणि स्ट्रोक ४.३७५ इंच, कॅनडाच्या इंजिनचा बोअर ३.३७५ आणि स्ट्रोक ४.०६ इंच. एकाचं हेड दुसऱ्याला बसत नाही. आरसी बुकवरचं मॉडेल बघून ऑर्डर दिली, तर पार्सल परत पाठवायची वेळ येईल. आधी हेडची लांबी मोजा.

अ‍ॅल्युमिनियम की लोखंड?

अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं आणि उष्णता लवकर सोडतं, हे खरं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या.

१. प्रसरण: गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या साधारण दुप्पट वाढतं. २३ इंच लांबीचं हेड ७० अंशांनी तापलं, तर ते खालच्या ब्लॉकपेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त लांब होतं. प्रत्येक वेळी गाडी तापली आणि निवली की गॅसकेटवर ही घासाघीस.

२. पाणी: दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षारांचं पाणी म्हटलं की अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. असं हेड बसवलं तर डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक कूलंट याशिवाय दुसरं काही चालणार नाही.

जुनंच हेड फेस केलं तर?

रेशो वाढवायचा स्वस्त मार्ग म्हणजे जुन्या हेडची खालची बाजू मशीनवर घासून घेणं. किती घासायचं? हेड उलटं ठेवा, चेंबरवर काचेची किंवा अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवा आणि ब्युरेटने पाणी भरून सीसी मोजा. मग चेंबरच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढा. समजा ते ८० चौरस सेंटीमीटर आलं, तर १ मिलिमीटर घासल्यावर ८ सीसी कमी होतात. ६.६ वरून ७.० ला यायला ७ सीसी, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. उलट, नवीन गॅसकेट जुन्यापेक्षा जाड असेल तर यातलं काही परत जातं.

फार हावरटपणा करू नका. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह वर उचलले जातात ते हेडच्याच दिशेने. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह हेडला टेकू शकतो आणि व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जाणारी हवेची वाटही चिंचोळी होते. कॉम्प्रेशनमध्ये कमावलेलं श्वासात गमावलं, असं होतं.

आजचं पेट्रोल चालेल का?

ऑक्टेनची काळजी नको. आजचं ई-२० पेट्रोल साधारण ९५ ऑक्टेनचं आहे. ही इंजिनं त्यापेक्षा खूप कमी ऑक्टेनसाठी बनली होती. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसंयुक्त पेट्रोल बंद झालं. त्यामुळे जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट लवकर झिजायची भीती असते. प्लायमाउथमध्ये एक्झॉस्टला कडक धातूची वेगळी सीट कारखान्यातूनच यायची, पण हेड उघडलंच आहे तर ती तपासून घ्या.

खरी अडचण इथेनॉलची. साध्या पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, ई-२० ला साधारण १३.५ पट. जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. जेट थोडा मोठा करावा लागतो. पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्याही इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या.

मग मामांनी काय केलं?

हेड मागवण्याआधी आम्ही कॉम्प्रेशन गेज लावून सहाही सिलिंडर मोजले. चार ठीक होते. तिसरा आणि चौथा दोन्ही खूप खाली. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की पहिला संशय त्यांच्यामधल्या गॅसकेटवर घ्यायचा. म्हणजे २ टक्के वाढवायच्या गप्पा चालल्या होत्या आणि इकडे सहापैकी दोन सिलिंडर अर्धे झोपलेले!

नरडाण्याच्या बाजूला, मुंबई-आग्रा रोडवर आयुष्यभर ट्रक उघडलेले एक म्हातारे मिस्त्री आले. म्हणाले, "हेड काढनं सोपं शे भाऊ, बसाडनं कठीन शे." पट्टी आणि फीलर गेज लावल्यावर हेड मधोमध वाकलेलं निघालं. ते ०.९ मिलिमीटर फेस केलं. व्हॉल्व्ह घासून बसवले. या इंजिनात हेडचे बोल्ट पाण्याच्या जागेत उतरतात, म्हणून आट्यांना सीलंट लावलं. मग टॉर्क पान्याने मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळलं. गाडी एकदा तापवून, निवू देऊन पुन्हा तपासलं. टायमिंग नव्याने लावलं.

म्हणजे कंपनीने १९४९ला जे केलं, तेवढंच आम्ही केलं. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे पैसे वाचले. त्यातून रेडिएटर साफ करून घेतला, कारण मे महिन्यात आमच्याकडे पारा ४२-४३ ला जातो आणि वरातीत गाडी माणसाच्या चालीने चालते. रेडिएटरला वारा मिळतच नाही.

थोडक्यात

- व्हॉल्व्ह हेडमध्ये असतील तर हेड बदलण्यात दम आहे. ब्लॉकमध्ये असतील तर फायदा २ ते ६ टक्क्यांचा.
- आधी कॉम्प्रेशन मोजा. इंजिन जे गमावतंय ते परत मिळवणं बहुतेक वेळा जास्त फायद्याचं.
- हेडची लांबी, चेंबरचे सीसी, गॅसकेटची जाडी हे तीन आकडे हातात असल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.
- जुनं हेड भंगारात देऊ नका. ते परत मिळत नाही.

वरात दोन तास चालली. मामा पूर्ण वेळ रस्त्याऐवजी टेंपरेचरच्या काट्याकडे बघत होते. काटा मधल्या खुणेच्या थोडा वर गेला आणि तिथेच थांबला.